बाबांचं खातं उडवू नकोस

कशेळे,
गुरुवार, दुपार

प्रिय अक्षदा,

पाकीट पाहून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. मी ठीक, तुझे बाबा ठीक, गाय ठीक, वालाला शेंगा धरल्यात. फोनवर चार ओळी टाइप करून काम भागलं असतं, पण आमच्या फोनची तऱ्हा तुला माहीत आहे. टाइप मी करते आणि आलेलं उत्तर तुझे बाबा मोठ्याने वाचतात, शेजारच्या हर्षलालाही ऐकू जाईल असं. लॅपटॉपवर लिहावं तर सगळा प्रश्नच त्या लॅपटॉपचा आहे. म्हणून कागद घेतला. उद्या वरच्या वाडीची ठमी बाजाराला उतरेल, तिच्या हाती पोस्टात टाकते. वाचलंस की फोनवर यातलं अक्षरही बोलू नकोस. आणि भाषणात मी मुद्दा कधी शेवटी ठेवला नाही, तसा आताही ठेवत नाही: बाबांचं खातं उडवू नकोस.

रविवारी तू म्हणालीस, "आई, मी आता येतेय ती बाळंतपण उरकूनच जाणार. आल्या आल्या तुझा लॅपटॉप साफ करते. तुझ्या बोलण्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलीय, ती जागा जास्त मागते. सगळं पुसून टाकते आणि एकच खातं ठेवते, तुझं. बाबा कुठे वापरतात? त्यांचं उडवते." फोन स्पीकरवर होता. बाबा समोर मटाराच्या शेंगा सोलत बसले होते. ते म्हणाले, "उडव गं. माजं काय हाय त्यात?" हे तुला ऐकू आलं. पण तुला जे दिसलं नाही ते मला दिसलं. त्यांनी सोललेले दाणे सालींच्या टोपलीत टाकले आणि साली ताटात टाकल्या. मग उठून गाईला वैरण घालायला गेले. वैरण मघाशीच घातलेली होती. तुझे बाबा भिवपुरीला वीजघरात नोकरीला असताना सगळ्यांशी जुळवून घेणारा माणूस म्हणून ओळखले जायचे. साहेबाने पाळी बदलली तरी "चालंल", पावसाने भात आडवा केला तरी "व्हतंय काय काय". या माणसाला स्वतःसाठी काही मागता येत नाही. म्हणून ते मी मागतेय. मागण्या मांडायची सवय मला आहे.

ऑपरेशननंतर तू हा लॅपटॉप घेऊन आलीस तो दिवस आठवतो का? मी तेव्हा पाटी-खडूवर होते. घशातलं सगळं काढलं होतं, मानेच्या छिद्रावर रुमाल होता, आणि सभांमधून माईक न घेता बोलणारी विमल मीठ हवं तरी खडूने लिहीत होती. तू माजघरात मांडी घालून बसलीस, काय काय केलंस, आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, "आई, हे विचारतंय, सॉफ्टवेअर फक्त तुझ्या खात्यासाठी टाकू की या मशीनवरच्या सगळ्यांसाठी?" मी पाटीवर लिहिलं, "हा काय प्रश्न झाला? सगळ्यांसाठी!" उद्गारचिन्ह देताना खडू मोडला. तू हसत सुटलीस. पण मी हसण्यावारी लिहिलं नव्हतं. पाणी सगळ्यांसाठी, वाचनालय सगळ्यांसाठी, डोंगरातल्या वाडीची वाट सगळ्यांसाठी, कॉलेजला जायची एसटी सगळ्यांसाठी. उभा जन्म मी हेच बोलत आले, आणि आता एक यंत्रही मला तेच विचारतंय, तर त्याला मी दुसरं काय उत्तर देणार होते?

मग तू समजावलंस. सॉफ्टवेअर एकदाच बसवायचं, ते तिन्ही खात्यांतून उघडतं. माझ्या, तुझ्या आणि बाबांच्या. रेकॉर्डिंगवरून घडवलेला माझा आवाजही तिन्हीकडे एकच. पण कोणी तो कसा लावून ठेवायचा, भरभर की सावकाश, उंच की खालचा, हे ज्याचं त्याच्या खात्यात राहतं, दुसऱ्याच्या खात्याला त्याचा पत्ताही नसतो. मी लिहिलं, "म्हणजे नळ एक, हंडे वेगळे." तू म्हणालीस, "आई, आमच्या ऑफिसच्या ट्रेनिंगला येऊन शिकव." बाबांना तेव्हा खातंच नको होतं. "मला कशाला गं? मी काय बोलनार हाय त्याच्यातून? मला तोंड हाय की." तरी तू काढलंस, त्यावर आपल्या गाईचा फोटो लावलास, आणि पासवर्ड लक्षात राहणार नाही म्हणून ठेवला नाहीस. त्यावर ते पावसाचा अंदाज बघतात, एवढंच तुलाही वाटत होतं आणि मलाही.

आता त्या आवाजाविषयी. तुझा त्यात दोष नाही, हे आधी सांगते. आवाज घडवायला रेकॉर्डिंग हवीत, आणि माझी रेकॉर्डिंग म्हणजे पोरांनी मोबाइलवर घेतलेली भाषणं. कशेळ्याच्या बाजारात टेंपोवर उभी राहून केलेली, तहसीलसमोरची, शाळेच्या पटांगणातली. घरात बसून कोण कोणाचा आवाज टिपून ठेवतं? त्यामुळे यंत्राला माझा एकच आवाज माहीत झाला. पहिल्या दिवशी मी लिहिलं, "चहात साखर कमी घाला," आणि माजघरातून अशी काही गर्जना झाली की बाबांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "देतो बाई, देतो. निवेदन स्वीकारलं." ठमी दारात आली तेव्हा मी लिहिलं, "ठमे, बस," तर ती उभीच राहिली. "मी काय केलं गं बाय? माज्यावं मोर्चा कशाला?" आम्ही तिघंही पोट धरून हसलो. माझं हसणं आता नुसता वारा असतो, पण मी हसले.

असा आवाज वाया जातो असंही नाही. मागच्या महिन्यात वरच्या वाडीची वाट एका प्लॉटवाल्याने तारेचं कुंपण घालून बंद केली. वाडीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने उतरतात, ठमीचे रानातले कंद, करांदे, त्याच वाटेने बाजारात येतात. सभा लागली. मी रात्रंदिवस कायद्याची पुस्तकं उलथीपालथी केली, भाषण टाइप केलं, आणि पोरांनी लॅपटॉप कर्ण्याला जोडला. अक्षदा, मी खुर्चीवर गप्प बसले होते आणि माझा आवाज पटांगणभर फिरत होता. "वाट अडवणाऱ्याने आधी आमच्या पायांना विचारावं!" या वाक्याला माणसं उठून उभी राहिली. आठवड्यात कुंपण निघालं. त्या दिवशी मला वाटलं, माझं काहीच गेलेलं नाही. घरी येताना बाबांना विचारलं, म्हणजे फोनवर लिहून दाखवलं, कसं झालं? ते म्हणाले, "झ्याक. मैदानातली विमल जशीच्या तशी हाय." मी वाट बघितली. मैदानातली, या शब्दानंतर अजून काहीतरी येणार होतं. ते आलं नाही. बाबा पुढे चालायला लागले.

तेव्हापासून माझ्या लक्षात आलं की घरात मी ते यंत्र कमी वापरते. कोणी ठरवलं नाही, आपोआप झालं. जेवायला या, हे सांगायला ताटावर चमचा वाजवते. दिवा घालवा म्हणून बोट दाखवते. भांडण तर बंदच पडलं. एक वाक्य टाइप करेपर्यंत राग निवतो, आणि निवलेला राग घोषणेच्या सुरात ऐकवण्यात काय राम? तू म्हणायचीस ना, आमच्या घरात सकाळी चहाआधी भांडणाची वाफ निघते? आता चहाची तेवढी निघते.

आता ऐक. दोन आठवड्यांपूर्वीची दुपार. बाबा गिरणीत गेले होते. लॅपटॉप उघडाच होता. ठमी परसातून हाका मारत आली, करांद्यांची टोपली डोक्यावर. मी घाईत सॉफ्टवेअर उघडलं आणि लिहिलं, "ठमे, आत ये, सावलीला बस. चहा टाकते." बटण दाबलं. आणि खोलीत एक बाई बोलली. हळू, जरा खालच्या सुरात, "आत ये"नंतर श्वास घेऊन. पाटावरून न उठता दाराकडे बघत बोलावं तशी. ठमीने टोपली धपकन खाली ठेवली. "बाय! तुजा आवाज आला गं परत!" ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग रुमालाकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हा तुजा हाय गं. मी चुलीपाशी बसून ऐकलाय हा." मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर कोपऱ्यात पाहिलं तर गाईचा फोटो. मी बाबांच्या खात्यात बसले होते.

सेटिंग उघडलं. वेगाची पट्टी खाली ओढलेली. सुराची पट्टी किंचित खाली, अगदी केसाएवढी. स्वल्पविरामाला थांबायचा वेळ वाढवलेला. असल्या आणखी कितीतरी पट्ट्या, ज्यांना मी कधी हात लावला नव्हता, सगळ्या हललेल्या. मी एकीलाही धक्का न लावता बंद केलं. ठमीला खुंटीवरचा बाबांचा सदरा दाखवला आणि बोटाने खूण केली, गप्प. ती म्हणाली, "मी कशाला बोलू? पन दादा भलता निगाला गं," आणि चहा न घेताच हसत गेली.

तरी ते कशासाठी, हे मला कळलं नव्हतं. ते परवा कळलं. ग्रामपंचायतीत बैठक होती, ग्रामसेवकच आले नाहीत, मी लवकर परतले आणि मागच्या दाराने येत होते. आतून माझा आवाज आला. "अहो, पाय धुवून आत या." मी जागच्या जागी थांबले. मग बाबांचा आवाज. "नाय, नाय. आसं नाय म्हनायची ती." खटखट, एका बोटाने. परत माझा आवाज, "अहो... पाय धुवून आत या." बाबा म्हणाले, "हां, हितं थांबायची. रागवायच्या आदी थांबायची जरा." पुन्हा खटखट. पुन्हा मी. आणि मग ते एकदम म्हणाले, "हां. आली." खुर्ची सरकली. आणि तुझे बाबा, अक्षदा, त्या यंत्राला म्हणाले, "धुतले गं, धुतले. बघ की." मग माझ्या आवाजाने त्यांना विळा उंबऱ्यात ठेवल्याबद्दल झापलं, छत्री विसरल्याबद्दल झापलं, आणि दर वेळी ते काहीतरी उत्तर देत होते. "चुकलं बाई." "इसरलो. आता काय फाशी देतीस?" एकदा तर उलटे भांडले. इतकं बोलताना मी त्यांना किती महिन्यांत ऐकलं नव्हतं.

तुला वाटेल त्यांनी माझ्या तोंडी गोड गोड वाक्यं घातली असतील. एकही नाही. सगळी माझीच होती, टोचणारी. मला हे फार आवडलं. मी आत शिरले नाही. उलट पाऊल वाजू न देता वळणावरच्या जांभळीपर्यंत गेले आणि तिथून खोकत, बादली आपटत, कुत्र्याला हाकलत परत आले, वरात यावी तशी. घरात शिरले तर लॅपटॉप बंद आणि बाबा टेबलाखाली वाकलेले. "माजा चष्मा पायलास का गं?" चष्मा नाकावर होता. मी बोटाने दाखवला. "आरं, हितंच हाय व्हय," म्हणाले आणि निघून गेले. मी चोरून ऐकलं, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. बोलली तर मीच होते.

आता तू मला तुझ्या भाषेत सांगशील, आई, नवी आवृत्ती फार सुधारलेली आहे, आवाज आणखी स्वच्छ येईल. येऊ दे. माझ्या खात्यात काय घालायचं ते घाल. पुढची सभा रसायनीजवळच्या गावांची आहे, नदीच्या पाण्यासाठी, तिथे मला तो मैदानातला आवाज लागेल, आणि जितका खणखणीत तितका बरा. पण तूच शिकवलंस की खातं गेलं की त्यातलं लावलेलं सगळं जातं. माझी भाषणं शंभर मोबाइलमध्ये आहेत. घरातला माझा आवाज कोणत्याच मोबाइलमध्ये नव्हता, तो फक्त एका माणसाच्या कानात होता. त्याने तो आठवून आठवून, केसाएवढी पट्टी सरकवून, स्वल्पविराम घालून पुन्हा उभा केला. तो दुसऱ्यांदा जमेल की नाही, कोणी सांगावं? ऑपरेशनला आता बराच काळ झाला. कानातलंही पुसट होतं. "सगळ्यांसाठी" असं मी पाटीवर लिहिलं तेव्हा माझ्या मनात सगळ्यांना सारखं मिळावं एवढंच होतं. एकाच गोष्टीतून एकाला सभा मिळेल आणि दुसऱ्याला बायको, हे माझ्या कुठल्या भाषणात आलं नव्हतं.

जागा कमी पडते म्हणतेस ना? मग तुझं स्वतःचं खातं आधी रिकामं कर. तुझ्या लग्नाचं शूटिंग त्यात तीनदा भरून ठेवलंयस, त्यातला अर्धा वेळ साईराजचे मित्र नाचतायत. ते उडव, त्याला मी हरकत घेत नाही. सॉफ्टवेअर नवं टाकायचं असेल तर टाक, पुन्हा तो प्रश्न आला तर पुन्हा "सगळ्यांसाठी" म्हण, पण आधी नीट चौकशी कर की बाबांच्या खात्यातल्या पट्ट्या जशाच्या तशा राहतील. राहणार नसतील तर जुनं चालू दे. आणि एक कडक सूचना. त्या मशीनची मालकीण तू आहेस, तुला कोणाच्याही खात्यात डोकावता येतं. डोकावू नकोस. मीही आता डोकावत नाही. कालपासून दुपारी जेवण झालं की हर्षलाकडे तांदूळ निवडायला जाते, तिला गरज असो वा नसो. हर्षला विचारते, "काकी, आज परत कसलं निवडतेस गं?" मी हसते.

साईराजला म्हणावं, तुला सोडायला येताना एक रात्र तरी राहा, मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावू, वाल तोवर भरेल. तुझ्यासाठी माळ्यावरची खोली नको, जिने चढायचे नाहीत, माजघराशेजारची आवरून ठेवतेय. बाबांनी तुझा जुना पाळणा उतरवून त्याच्या कड्या घासल्या. मला म्हणाले, "कुरकुर करतो जरा." मग तेल घालत बसले.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. खातं उडवू नकोस एवढं सांगायला एक ओळ पुरली असती. रविवारी फोन ठेवताना तू विचारलंस, "आई, बाळाशी बोलशील ना गं?" आणि मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं रेंज गेली. रेंज नव्हती गेली. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की बाळाशी मी बोलणार नाही. त्या इवल्या कानावर माझा आवाज पडावा आणि ते दचकून रडावं, हे मला सोसलं नसतं. मांडीवर घेईन, थोपटीन, न्हाऊ घालीन, पण गप्प राहीन, मुकी आजी म्हणून, असं ठरलं होतं. आता तसं राहायचं नाही. मला त्याच्याशी बोलायचंय, त्याच चुलीपाशी बसल्या आवाजात. पण तो माझ्या खात्यात नाही, आणि मी मागितला तर त्यांना कळेल की मी ऐकलं. मग तो माणूस लाजेल आणि पुन्हा कधी तिथे बसणार नाही. म्हणून माझ्यासाठी हे काम तू कर. आलीस की दोन दिवसांनी, मी घरात नसताना, सहज विचार, "बाबा, आईचा आवाज बाळासाठी जरा मऊ करता येईल का? मला नाही जमत." ते आधी नाही म्हणतील. "मला काय कळतंय त्यातलं?" म्हणतील. तू हट्ट धर, तुझं ऐकतात. मग एके दिवशी बाबाच लॅपटॉप पाळण्याशी आणून ठेवतील. बाळाला हाक काय मारायची ते मी लिहीन. कशी मारायची ते त्यांना ठरवू दे.

जपून ये. वाट बघतेय.

तुझीच, गप्प बसायचं रद्द केलेली,
आई